घर, धर्मशाळा आणि दुकान

मुंबईत व तिच्या उपनगरांत ज्यांची राहत्या घराखेरीज आणखी एखादी जागा आहे, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांकडे अलीकडे एक प्रस्ताव वारंवार येऊ लागला आहे. प्रस्ताव घेऊन येणारा गृहस्थ तरुण, नम्र आणि चटपटीत असतो. तो म्हणतो, "तुमची जागा तीन वर्षांसाठी आम्हांला द्या. बाजारभावाहून चार पैसे अधिक देऊ. जागा भरलेली असो वा रिकामी, पहिल्या तारखेस भाडे तुमच्या खात्यात जमा. रंगसफेदी आम्ही करू, पलंग-कपाटे आम्ही आणू. भाडेकरू शोधण्याची यातायात नाही, दलाली नाही. आणि मुख्य म्हणजे, भाडेकरू जागा बळकावून बसेल ही भीती नाही. कारण आमच्याकडे भाडेकरू नसतोच. असतो तो पाहुणा, आणि पाहुणा दोन रात्रींनी जातोच." मग तीच जागा एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर रात्रीच्या हिशेबाने प्रवाशांस दिली जाते. मालकाला मिळते महिन्याचे भाडे, चालक घेतो रात्रीचे भाडे, आणि दोहोंतील अंतर हा चालकाचा नफा.

प्रस्ताव ऐकावयास गोड आहे, आणि तो स्वीकारावा की नाही असे आम्हांस विचारणारे वाचक लोभी नाहीत, हेही आम्ही जाणतो. म्हणून आमचे मत आडपडदा न ठेवता प्रारंभीच सांगतो. राहण्यासाठी बांधलेली जागा अशा चालकाच्या स्वाधीन करणे मालकाच्या हिताचे नाही. शेजाऱ्यांच्या तर नाहीच. आणि डोक्यावरच्या छपरासाठी वणवण करणाऱ्या या शहराच्या हिताचे मुळीच नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आम्हीही एके काळी खडू-फळ्याचा संसार केलेला असल्याने त्यांचा-आमचा स्नेह जुना. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनी मुलुंडला दोन खोल्यांची एक जागा घेतली होती. तिथे चार वर्षे एक कुटुंब राहत होते. पत्नी रुग्णालयात परिचारिका, पती खाजगी पेढीत कारकून, मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली. भाडे बत्तीस हजार, आणि ते कधी एक दिवसही चुकले नाही. तेवढ्यात एका चालकाने चाळीस हजारांचा प्रस्ताव आणला. महिन्याला आठ हजार, म्हणजे वर्षाला शहाण्णव हजार! निवृत्त माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न त्यात सुटत होता. कराराची मुदत संपताच त्या कुटुंबास जागा सोडावयास सांगण्यात आले. ते बदलापूरला गेले. मुलीची शाळा सुटली, आणि रात्रपाळी करणाऱ्या आईच्या प्रवासात रोजच्या दोन तासांची भर पडली.

सहा महिने पैसे बिनचूक आले. सातव्या महिन्यात उशिरा आले, आठव्यात निम्मे आले. दरम्यान सोसायटीची पत्रे सुरू झाली. रात्री दोन वाजता चुकीच्या दाराच्या घंटा वाजतात, उद्वाहनात रोज नवे चेहरे दिसतात, पाण्याचा हिशेब लागत नाही. शेवटी एका रात्री पती-पत्नी स्वतः पाहावयास गेले. दाराला जुने कुलूप नव्हते. आकडे दाबून उघडणारे नवे यंत्र होते. त्याला किल्लीचे भोकच नव्हते. घंटा वाजविली तेव्हा आतून एक मुलगा बाहेर आला. मागे आणखी सात-आठ जण होते. त्याने अगदी सभ्यपणे विचारले, "आपण कोण?" त्या मुलांचा काही दोष नव्हता. त्यांनी दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरले होते. दोष असलाच तर ज्याचा दूरध्वनी आठ दिवस बंद होता त्याचा होता. आणि आमचे स्नेही प्रामाणिकपणे म्हणतात त्याप्रमाणे, थोडासा त्यांचा स्वतःचाही. जागेचा ताबा परत मिळावयास चार महिने लागले. अनामत रक्कम विजेच्या थकबाकीत आणि मोडतोडीच्या दुरुस्तीत संपून गेली.

हे एक उदाहरण झाले, आणि एका उदाहरणावरून नियम बांधू नये हे आम्हांस कळते. व्यवहार सचोटीने करणारे चालकही असतील. परंतु हा धंदा चालतो कसा हे समजून घेतले, तर असे प्रसंग अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत.

चाळीस हजारांची जागा चालक साडेतीन हजार रुपये रात्रीने देतो असे उदाहरणादाखल धरू. केवळ भाडे भरून निघावयास महिन्यातल्या बारा रात्री जागा भरली पाहिजे. त्यावर संकेतस्थळाचे कमिशन, दर पाहुण्यामागे झाडलोट व चादरींची धुलाई, वीज, सामानाची झीज, देखरेखीचा नोकर. हा खर्च धरला म्हणजे अठरा-वीस रात्री भरल्यावाचून चालकाच्या हाती दमडी उरत नाही. नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या भरतात. धो धो पावसाच्या महिन्यांत, परीक्षांच्या दिवसांत काय? पाहुणे आले नाहीत तरी मालकाचे भाडे थांबत नाही. देणे तीन वर्षांचे आणि येणे एका रात्रीचे, अशी ही विषम तराजू आहे. ती कलू लागली की चालकापुढे तीन वाटा उरतात. चौघांच्या जागेत दहा जणांना कोंबणे ही पहिली. मालकाचे भाडे रखडविणे ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे दूरध्वनी बंद करणे.

ही गोष्ट केवळ लहानसहान चालकांची आहे असेही नाही. अमेरिकेत सॉण्डर नावाची कंपनी नेमका हाच व्यवसाय मोठ्या प्रमाणावर करीत होती. जागा दीर्घ मुदतीने घ्यावयाच्या व रात्रीच्या हिशेबाने द्यावयाच्या. २०२२ साली तिचे समभाग अमेरिकेच्या शेअरबाजारात आले. पुढे मॅरियटसारख्या जगद्विख्यात हॉटेल कंपनीशी तिने करार केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅरियटने तो करार संपुष्टात आणला, आणि लगोलग सॉण्डरने कारभार आटोपून दिवाळखोरीचा मार्ग धरीत असल्याचे जाहीर केले. मुक्कामास असलेल्या प्रवाशांना मुदत संपण्याआधीच सामानसुमान उचलून बाहेर पडावे लागले. त्यापूर्वी २०२० मध्ये, महामारीने प्रवास थांबताच, स्टे आल्फ्रेड ही याच धर्तीची अमेरिकन कंपनी बंद पडली होती. ज्यांच्यामागे गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर उभे होते त्यांची ही गत! मग एक टेबल, दोन दूरध्वनी आणि छापील माहितीपत्रक एवढ्या भांडवलावर जो "हमखास भाड्या"ची हमी देतो, त्याच्या हमीची हमी कोणी घ्यावयाची?

मालक म्हणेल, करार आहे ना! कराराविषयी दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. आपल्याकडे जागा बहुधा लिव्ह अँड लायसेन्सच्या कराराने दिली जाते. हा परवाना आहे, भाडेपट्टा नव्हे. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार असा परवाना घेणाऱ्याला तो परस्पर दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून चालक मालकाकडून तशी लेखी मुभा घेतो. ती मुभा देताना आपण काय लिहून देत आहो याचा विचार फार थोडे मालक करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या २४ व्या कलमाने मालकास एक मोठे शस्त्र दिले आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्वरेने ताबा मागता येतो, आणि मधल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मिळते. पण हे शस्त्र निवासासाठी दिलेल्या जागेपुरते आहे. पाहुण्यांचा व्यापार करण्यासाठी जागा दिली, आणि तसे स्वहस्ते लिहूनही दिले, तर हेच कलम आपल्या मदतीस धावून येईल असे कोणी गृहीत धरू नये. शिवाय घेणारी कंपनी एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाची असेल, तर तिला दिलेल्या जागेस तो कायदाच लागू होत नाही. मग सामान्य दिवाणी न्यायालयाची पायरी चढावयाची, आणि त्या पायऱ्या किती आहेत हे मुंबईकरांस सांगावयास नको. दुप्पट भरपाईचे म्हणाल, तर बुडालेल्याकडून दुप्पट काय आणि चौपट काय!

दुसरी गोष्ट कराची व नोंदींची. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावर टाकलेली आहे, चालकावर नव्हे. ती न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. १८ जुलै २०२२ पासून, वस्तू व सेवा करासाठी नोंदणी झालेल्या व्यावसायिकाने राहती जागा भाड्याने घेतली, तर त्या भाड्यावर १८ टक्के कर त्याने स्वतः भरावयाचा असतो. म्हणून चालक जर म्हणू लागला की करार पेढीच्या नावे नको, आमच्या एका माणसाच्या नावे "राहण्यासाठी" करू, तर मालकाने तेथेच सावध व्हावे. खोट्या कारणाच्या करारावर सही चालकाची असते तशी मालकाचीही असते. परदेशी प्रवासी उतरला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत शासनास कळवावी लागते. ती कळविली गेली की नाही, हे मुलुंडच्या जागेचा मालक दादरला बसून कसे पाहणार?

येथवर मालकाच्या हिताचा विचार झाला. परंतु मालक या मोहात का पडतो, याचाही विचार न्यायबुद्धीने केला पाहिजे. मुंबईच्या मालकाच्या मनात भाडेकरूविषयी जे भय आहे त्याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडली. तो काळच टंचाईचा होता, फाळणीने उखडलेली माणसे शहरात येत होती, आणि संरक्षण आवश्यकच होते. पण तात्पुरते औषध जन्मभराचा आहार झाले. भाडी गोठली, इमारती खंगल्या, पागडीचा काळा व्यवहार रुजला. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी लिव्ह अँड लायसेन्सचा मार्ग काढला, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा मालक तेव्हापासून जागेला कुलूप घालून बसला. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लक्ष ८० हजार घरे रिकामी आढळली. एकीकडे पदपथावर संसार आणि दुसरीकडे कुलूपबंद घरे, असे हे विचित्र दृश्य आहे.

या भयावरच चालकाचा धंदा उभा आहे. "कधीही मूळ न धरणारा माणूस तुमच्या घरात ठेवतो," हे त्याचे खरे आमिष आहे. चार पैसे अधिक हे दुय्यम. परंतु १९९९ च्या कायद्याने परिस्थिती बदलली आहे, हे मालकांनी ध्यानी घ्यावे. निवासासाठी रीतसर नोंदविलेल्या कराराने जागा घेणारा मुदतीनंतर हक्काने ठाण मांडू शकत नाही. वाघ पिंजऱ्यात गेला आहे. आणि त्याच्या भीतीने आपण लांडग्याला घरात घेत आहो.

आता शेजाऱ्यांचा विचार. आपल्या गृहनिर्माण संस्था सहकाराच्या तत्त्वावर उभ्या आहेत आणि सहकाराचा पाया परिचय हा आहे. तिसऱ्या मजल्यावरची आजी एकटी आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची दहावी आहे, हे सर्वांना ठाऊक असते म्हणून इमारत घर वाटते. जिथे रोज माणसे बदलतात तिथे रखवालदाराने कोणाला अडवावे आणि कोणाला सोडावे? मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटीस बिनभोगवटा आकार घेता येतो खरा, पण २००१ पासून त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा सामान्य मालकाची पिळवणूक होऊ नये म्हणून घातली गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या दहा टक्क्यांच्या आड एक लहानसे हॉटेल चालावे, हा तिचा हेतू खचित नव्हता.

येथे एक आक्षेप येईल. मुंबईत थोड्या दिवसांपुरता निवारा लागणारे लोक नाहीत काय? आहेत, हजारोंनी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी विदर्भातून, बिहारातून, बंगालमधून आलेल्या रुग्णांच्या आप्तांस विचारा. मुलाखतीसाठी आलेल्या तरुणास विचारा. हॉटेल परवडत नाही आणि ओळखीचे कोणी नाही, अशांना स्वच्छ व स्वस्त खोली मिळणे ही मोठी सोय आहे. जी गृहिणी आपल्या राहत्या घरातील एखादी खोली अशा पाहुण्यास देते, सकाळी चहापोहे करून घालते आणि त्यातून संसाराला हातभार लावते, तिच्या मार्गात कोणी काटे पसरू नयेत. केंद्र शासनाची न्याहारी-निवासाची योजना हेच गृहीत धरते: घराचा मालक त्याच घरात राहणारा असावा, आणि खोल्या सहापेक्षा अधिक नसाव्यात. आमचा विरोध पाहुण्याला नाही आणि यजमानालाही नाही. जिथे यजमानच नाही, अशा आतिथ्याला आहे.

"घराची धर्मशाळा केली" असे आपण रागाने म्हणतो. पण तसे म्हणताना धर्मशाळेवर अन्याय करतो. गाडगे महाराजांनी पंढरपुरास, नाशिकास, आळंदीस धर्मशाळा उभ्या केल्या त्या गोरगरिबांच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून. दादरला त्यांच्या नावे चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना आसरा मिळतो. तिथे कोणी घर सोडून गेलेले नाही. बेघराला घर मिळाले आहे. येथे उलटा प्रकार आहे. परिचारिकेचे कुटुंब बदलापूरला जाते आणि तिच्या खोलीत शनिवार-रविवारची मौज भरते. घराची धर्मशाळा होत नाही, घराचे दुकान होते.

"जागा माझी, मी वाटेल ते करीन," असे कोणी म्हणेल. मालकी आम्हांस मान्य आहे. पण सदनिकेची मालकी ही शेतावरच्या एकाकी बंगलीची मालकी नव्हे. तिचे छत दुसऱ्याची जमीन आहे आणि तिची भिंत तिसऱ्याची भिंत आहे. निवासासाठी मंजूर झालेल्या इमारतीत पिठाची गिरणी घालण्याचा हक्क जसा मालकीतून निघत नाही, तसा अतिथिगृह चालविण्याचाही निघत नाही.

जगातील मोठ्या शहरांनी हे ओळखले आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देणाऱ्यास नोंदणी सक्तीची केली. यजमानाने मुक्कामात घरीच असले पाहिजे आणि पाहुणे दोनांहून अधिक नसावेत असा दंडक घातला. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर चालू ठेवले जाणार नाहीत. त्यांचे नियम जसेच्या तसे उचलावेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या स्वतःच्या कायद्यांत काय कमी शहाणपण होते? १८६७ च्या सराईंच्या कायद्याने नोंदणी झाल्यावाचून सराईत प्रवासी उतरविण्यास बंदी केली होती. आणि ज्या १९४७ च्या कायद्याला आपण 'भाडे कायदा' म्हणतो, त्याचे संपूर्ण नाव भाडी, हॉटेल व लॉजिंग हाउस यांचे दर नियंत्रित करणारा कायदा असे होते. घर आणि उतारू-निवास यांची नावे एकाच कायद्याच्या माथ्यावर आली, कारण टंचाईच्या शहरात छपरे मोजकी असतात आणि एका बाजूला गेलेले छप्पर दुसऱ्या बाजूला कमी पडते. त्या कायद्याच्या चुका आम्ही वर सांगितल्या. पण ही एक गोष्ट त्याच्या कर्त्यांना स्पष्ट दिसत होती.

म्हणून आमची मागणी मोजक्या शब्दांत मांडतो. शासनाने मालक राहत असलेले घर आणि चालकाने घेतलेले घर यांत स्पष्ट भेद करावा. पहिल्यास सोपी, अल्पखर्चाची नोंदणी असावी. दुसऱ्यास हॉटेलाची शिस्त आणि हॉटेलाचेच कर लागू असावेत, आणि मालकाच्या सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवण्याची सक्ती असावी. नोंदणी क्रमांकावाचून कोणत्याही संकेतस्थळाने जाहिरात स्वीकारू नये. सोसायट्यांनी पाहुण्यांना जिन्यात अडवून अपमानित करण्याचा पोरकट मार्ग सोडावा आणि सर्वसाधारण सभेत खुली चर्चा करून रीतसर ठराव करावेत. पण त्या ठरावांच्या आडून अविवाहित, परप्रांतीय वा परधर्मीय भाडेकरूंना दार बंद करण्याचा डाव कोणी खेळू नये. तो रोग या रोगाहून जुना आणि अधिक लाजिरवाणा आहे.

आणि मालकांना आमची विनंती अशी: चालक जे चार पैसे अधिक देऊ करतो, ते भाडे नव्हे, जोखमीची किंमत आहे. ती जोखीम किती मोठी आहे हे कोणी तुम्हांला सांगत नाही एवढेच. ज्याचे नाव, गाव, नोकरी तुम्हांला ठाऊक आहे, जो दाराला आपल्या नावाची पाटी लावतो आणि दिवाळीला आकाशकंदील टांगतो, तो भाडेकरू दोन पैसे कमी देईल. पण तुमच्या घराला घर ठेवील.

आमच्या स्नेह्यांनी ताबा मिळताच पहिला दूरध्वनी बदलापूरला केला. ते कुटुंब परत येऊ शकले नाही, कारण मुलगी तिकडच्या शाळेत रुळली होती. जागेत आता दुसरे एक कुटुंब राहते. भाडे तेहतीस हजार आहे. दाराला पुन्हा किल्लीचे कुलूप आहे, आणि एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असते.